खिशातल्या नळ्या

ताईंचा हात हलका होता. त्यांच्याबद्दल आधी हेच सांगायला हवं, कारण त्यांच्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं ते या हातामुळेच. सुई आत कधी गेली ते कळायचं नाही. तोंड फिरवून, डोळे गच्च मिटून बसलेली बाई थोड्या वेळानं विचारायची, "घेताय ना?" आणि ताई म्हणायच्या, "केव्हाच घेतलं, उघडा आता डोळे." हॉस्पिटलात कुणाची शीर सापडेनाशी झाली की डॉक्टर आधी स्वतः टोचून बघत, मग नर्सला टोचायला लावत आणि दंडाची पार चाळण झाली की म्हणत, "ताईंना बोलवा." शहाणपण असं नेहमी शेवटीच सुचतं.

ताईंची खोली मागच्या इमारतीत, धुलाईखान्याच्या डोक्यावर होती. खालून दिवसभर साबणाचा आणि ओल्या चादरींचा वास वर यायचा. खोलीत रुंद हातांची एक खुर्ची, तिच्या एका हातावरचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर ताईंनी स्वतः चिकटवलेली पांढरी पट्टी. शेजारी एक स्टूल. कोपऱ्यात एक वजनकाटा, जो आजवर कुणाशीही खरं बोललेला नव्हता. बाहेर लांबलचक बोळ, दोन जड दारं, आणि त्या टोकाला प्रयोगशाळा. हा बोळ तुडवून तुडवून ताईंच्या गुडघ्यांचं खोबरं झालं होतं. निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांना ती लांब वाटत होती.

त्या काम करत ते मॅडमच्या अभ्यासावर. मॅडम म्हणजे मोठ्या डॉक्टर. बोलायला तिखट, चालायला भरभर, आणि डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. काही घराण्यांत स्तनाचा कर्करोग वारशानं येतो. आईकडून नाहीतर बापाकडून एक बिघडलेलं जनुक येतं आणि घरातल्या बायका एकामागून एक जातात. ते जनुक अंगात आहे की नाही हे तपासता येतं. पण ते असलं म्हणजे रोग होणारच असं नाही, आणि होणार असला तरी कधी, हे ते सांगत नाही. तिशीत की साठीत? तोवर त्या बाईनं दाराला कान लावून बसायचं. मॅडमना रक्तातलं असं एखादं प्रथिन हवं होतं, जे रोग उंबऱ्यावर आला की आधी चाहूल देईल. मग बाईला सांगता येईल, अजून वेळ आहे, झोप निवांत. किंवा आता ऊठ.

रक्तात प्रथिनं हजारांनी असतात. त्यातलं कोणतं वाढतं, कोणतं घटतं, हे शोधायचं म्हणजे भर बाजारात उभं राहून एकाच माणसाचा खोकला ऐकायचा. आज एखादं सापडायचं, सगळे उड्या मारायचे, आणि पुन्हा तपासलं की ते बेपत्ता. असं इतक्यांदा झालं होतं की आता कुणी उड्या मारेनासं झालं होतं. शेंडा ना बुडखा असलेलं काम माणसाला जितकं थकवतं तितकं दगड फोडण्याचं कामही थकवत नसेल.

अभ्यासाला दोन प्रकारच्या बायका लागत. वारशाच्या घराण्यातल्या, आणि ज्यांच्या घरात असं काही नाही अशा, तुलनेसाठी. पहिल्यांना सगळे 'वारसवाल्या' म्हणत आणि दुसऱ्यांना 'साध्या'. वारसवाल्या ताईंकडे यायच्या. घाबरलेल्या असत, त्यांना हलका हात हवा असे. साध्या जायच्या त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर, लगबगकडे. लगबग म्हणजे ताईंची सहकारी. तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक असेल. ती जेवायची उभ्यानं, बोलायची धावताना, आणि रक्त भरलं की नळी घेऊन बोळातून अशी सुटायची की समोरून येणारा माणूस भिंतीला चिकटायचा. साध्या बायकांनाही तेच बरं वाटे. त्या बहुतेक हॉस्पिटलातल्याच कामवाल्या, कारकून, नर्स. त्यांनाही आपापल्या कामाला पळायचं असे. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती. पाणी उताराकडे जावं तशी ती आपोआप पडली होती.

ताई मात्र पळत नसत. सुई काढली, कापूस दाबला, की त्या स्टूल ओढून बाईशेजारी बसत. कारण रक्त देईपर्यंत गप्प असलेली बाई रक्त दिल्यावर बोलायला लागते. का, ते कुणास ठाऊक. दंडावरचा पट्टा सुटला की तोंडाचाही सुटतो. एखादी सांगायची, बहिणीच्या केसांची वेणी अजून कपाटात आहे. एखादी सांगायची, सासरी कळलं तर काय म्हणतील. ताई उपदेश करत नसत, "होईल हो सगळं नीट" असंही म्हणत नसत. नुसतं "हं" म्हणत. बाईचं बोलून संपलं की उठत आणि पाय ओढत बोळातून प्रयोगशाळेकडे जात.

त्यांना असं बसायची सवय लागली ती अक्कामुळे. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईनं स्तनातली गाठ कुणालाही न सांगता अंगावर काढली होती. कळलं तेव्हा कळून उपयोग नव्हता. पुढे काही वर्षांनी अक्काला तेच निघालं. तेव्हा ताई या कामात नव्हत्या. त्या अक्काला घेऊन हॉस्पिटलात जायच्या, कडेवर तान्ही लेक. एकदा रक्त काढणाऱ्या माणसानं अक्काच्या दंडात सुई घातली, नळी भरली, आणि "चला, पुढचा" म्हणून तो वळला. अक्का बाकावर बसून राहिली, दंडावरचा कापूस दाबत. तेव्हा ती ताईंना काहीतरी म्हणाली. ते ताईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. अक्का गेली आणि ताईंनी हे काम शिकून घेतलं. लोकांना वाटलं, पोटापाण्यासाठी. तेही खरंच होतं.

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणायची आपली पद्धत. आई गेली, बहीण गेली, इतकी वर्षं वारसवाल्यांचं रक्त काढलं, आणि या बाईनं स्वतःची तपासणी मात्र केली नव्हती. हॉस्पिटलात, तेही फुकट होणारी! कुणी विषय काढलाच तर "करू की" म्हणायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ती मूठ त्यांनी इतकी वर्षं झाकून ठेवली होती. एवढंच नाही. अभ्यासाला साध्या बायका कमी पडल्या तेव्हा मॅडमनी सगळ्या कर्मचाऱ्यांना रक्त द्यायला सांगितलं. घरात कुणाला हा आजार होता का, असं लगबगनं रीतसर विचारलं. ताईंनी वजनकाट्याकडे बघत सांगितलं, "नाही." लगबगनं कचकन सुई टोचली आणि नळी घेऊन ती पळाली. ताई साध्यांत जमा झाल्या.

लेक आता तिशीला आली होती. नाव काहीही असो, घरात ती अजून पिटुकलीच. बापाएवढी उंच झाली तरी. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं काम करायची आणि तिला सगळं स्पष्ट दिसलेलं आवडायचं. ती मागे लागली होती, "आई, तू टेस्ट कर. तुझ्यात नसेल तर आजीचं माझ्यात यायचा प्रश्नच नाही. असेल तर मी माझी करते. साधा हिशेब आहे." ताई म्हणायच्या, "आज गुडघे फार दुखतायत गं." नवरा पेपर वाचता वाचता म्हणायचा, "हिच्या गुडघ्यांना भलतं वेळेवर दुखणं येतं." लेकीनं शेवटी स्वतःच तपासणीसाठी नाव नोंदवलं. तोवर खबरदारी म्हणून वर्षाच्या वर्षाला छातीचा स्कॅन करायचा, हेही ठरवलं.

आणि नेमका तेव्हाच सतरा नंबर सापडला.

सतरा नंबर हे एका प्रथिनाचं टोपणनाव. यादीत ते सतरावं होतं म्हणून. सगळ्या गोठवून ठेवलेल्या नळ्या यंत्रातून काढल्या आणि दिसलं असं, की वारसवाल्या बायकांच्या रक्तात सतरा नंबर चढलेला आणि साध्यांच्या रक्तात खाली. एकदोघींत नाही, जवळजवळ सगळ्यांत. अभ्यासाचे आकडे बघणारा एक तरुण होता, आकडेवाला म्हणत त्याला. त्यानं पुन्हा पुन्हा गणितं केली आणि तेच उत्तर आलं. मॅडम कितीतरी वर्षांनी हसल्या. त्यांना हसायची सवय राहिली नव्हती, त्यामुळे ते जरा विचित्रच दिसलं. "खूश व्हायला अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हॉस्पिटलात हेच निघालं पाहिजे, तर खरं." पण त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः सगळ्यांना नेऊन दिला.

नळ्यांवर नावं नसत, नुसते क्रमांक. पण स्वतःच्या नळीचा क्रमांक कोण विसरतं? चहाचा कप परत करायच्या निमित्तानं ताई आकडेवाल्याच्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं. त्यानं पडद्यावर बोट फिरवलं.

"ही? ही तर एकदम तळाला आहे ताई. साध्यांतली साधी. कुणाची आहे?"

"आहे एका बाईची," ताई म्हणाल्या.

त्या बोळातून परत निघाल्या तेव्हा गुडघे दुखत नव्हते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; इथे तर हातात अख्खा ओंडका आल्यासारखं वाटलं. हे प्रथिन अजून सिद्ध व्हायचंय, ते जनुकाबद्दल काही सांगतं की आणखी कशाबद्दल हेही कुणाला माहीत नाही, हे सगळं ताईंना कळत होतं. रोज तेच ऐकत होत्या त्या. पण कळणं आणि हवं असणं यांची भांडणं लागली की कोण जिंकतं, हे काय सांगायला हवं? त्या रात्री जेवताना त्या लेकीला म्हणाल्या, "तपासलं माझं. आपल्यात नाही ते."

लेकीनं हातातला घास खाली ठेवला. "नक्की?"

"यंत्रानं सांगितलंय."

लेक उठली आणि तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. नवऱ्यानं पेपर डोळ्यांसमोर धरला. ताईंचा जीव भांड्यात पडला. लेकीनं दुसऱ्याच दिवशी तपासणी रद्द केली, आणि स्कॅनही. आता त्याची गरजच काय होती?

पुढे बरेच महिने गेले. मग दुसऱ्या हॉस्पिटलाचा निरोप आला. त्यांनी त्यांच्याकडच्या वारसवाल्या आणि साध्या बायकांचं रक्त तपासलं होतं आणि सतरा नंबर दोन्ही गटांत सारखाच होता. फरक शून्य. मॅडमनी निरोप वाचला, पुन्हा वाचला, आणि त्या चष्मा काढून डोळे चोळत बसून राहिल्या. चिडल्यासुद्धा नाहीत. चिडायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

त्या हॉस्पिटलातून एक पाहुणी आली. ताईंच्याच कामातली, शांत, जाड चष्म्याची बाई. तिला कुणाची चूक काढायची नव्हती. "तुम्ही रोज करता तसंच करा," ती म्हणाली, "मी नुसती बघते. आमच्याच कामात काहीतरी राहिलं असेल." मॅडम, आकडेवाला आणि पाहुणी दाराशी उभे राहिले. आधी लगबगनं एका साध्या बाईचं रक्त घेतलं आणि ती सुटली. पाहुणीला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागलं. मग ताईंची पाळी.

खुर्चीत एक बस चालवणारी बाई होती. दणकट, मोठ्या आवाजाची. आल्या आल्या म्हणाली, "लवकर उरका, गाडी उभी आहे." ताईंनी पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. जांभळ्या टोपणांच्या नळ्या एकेक करून भरल्या. कापूस दाबला. आणि त्या दणकट बाईचा आवाज एकदम बारीक झाला.

"ताई, एक विचारू? माझी धाकटी बहीण गेली ना याच्यातच. तिची पोरगी आता माझ्याकडे असते. ती मला आई म्हणते. मला जर काही झालं..."

ताईंनी नळ्या एप्रनच्या खिशात टाकल्या आणि स्टूल ओढलं.

बाई बोलत राहिली. पोरगी गणितात कच्ची आहे, रात्री दिवा लावून झोपते, मावशीचा हात सोडत नाही. गाडी उभी होती ती उभीच राहिली. ताई "हं" म्हणत होत्या. दाराशी कुणी उभं आहे, हे त्या साफ विसरून गेल्या. बऱ्याच वेळानं बाईनं नाक पुसलं, दंडावरचा कापूस टाकला आणि पहिल्यासारख्याच मोठ्या आवाजात "येते हो" म्हणून ती गेली.

ताई उठल्या. समोर तिघं तशीच उभी होती. पाहुणीनं अगदी हळू विचारलं, "आणि नळ्या?"

ताईंनी खिशात हात घातला. नळ्या कोमट होत्या, कोंबडीखालून आत्ता काढलेल्या अंड्यांसारख्या.

नळीतलं रक्त लगेच यंत्रात फिरवून त्याचं वरचं पाणी वेगळं करायचं असतं. ते तसंच उभं राहिलं, आणि त्यात उबेला राहिलं, की त्यातल्या पेशी आपल्या पोटातलं काहीबाही बाहेर टाकतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीवर नियमही लावलेला होता. पण तो सैल होता, 'लवकरात लवकर' असा. ताईंचंही लवकरच होतं आणि लगबगचंही. वेळ लिहायची ती यंत्रापाशी पोचल्यावर, हा तर सगळ्यांचाच रिवाज. त्यामुळे एकीच्या नळ्या धावत जातात आणि दुसरीच्या खिशात बसून राहतात, हे कुठेच उमटलं नव्हतं. तोवर परत आलेल्या लगबगनं तोंडावर हात ठेवला. आकडेवाला जमिनीकडे बघत राहिला. खालून धुलाईखान्याचा घरघराट येत राहिला.

पाहुणी गेल्यावर मॅडमनी ताईंना आपल्या खोलीत बोलावलं. दार लावलं. आधी त्या कडाडल्या. "चार वर्षं, ताई! चार वर्षं! एकदा तरी मनात आलं नाही?" ताई मान खाली घालून उभ्या. मग मॅडम खुर्चीत टेकल्या.

"आपण कर्करोग शोधतच नव्हतो," त्या म्हणाल्या. "सतरा नंबर म्हणजे काय, तर तुम्ही त्या बायकांपाशी किती वेळ बसलात त्याचं माप. मोठ्या महागाच्या यंत्रानं आम्ही तेवढंच मोजलं."

"मी राजीनामा देते, मॅडम."

"नाटकं करू नका. नियम मी लिहिला. सुई काढल्यावर बाई रडायला लागली तर काय करायचं, हे त्यात लिहायचं मलाही सुचलं नाही. बसा खाली, पडाल."

ताई बसल्या. चूक कळल्या क्षणापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. त्यांची स्वतःची नळी तळाला होती, कारण ती लगबगनं धावत नेली होती. बाकी तिच्यात काहीच अर्थ नव्हता.

"मॅडम, माझी नळी साध्यांत आहे. ती काढा. मी खोटं सांगितलं होतं."

मॅडमनी वर बघितलं.

"आई गेली. मग अक्का. दोघी याच्यातच."

"आणि तुम्ही टेस्ट केली नाहीत," मॅडम म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता. "मुलगी आहे ना तुम्हाला?"

"तिला मी सांगून बसलेय, आपल्यात नाही म्हणून. सतरा नंबर बघून. तिनं सगळं रद्द केलं."

मॅडमनी दोन्ही हातांत डोकं धरलं. ताईंना वाटलं आता पुन्हा ओरडा बसणार, आणि तो बसला असता तर बरं झालं असतं. पण मॅडम एवढंच म्हणाल्या, "अभ्यास मेला तो मेला. त्याचं मी बघते. तुम्ही आत्ता निघा आणि मुलीला सांगा. उद्यावर टाकू नका. तुमचा उद्या मला ठाऊक आहे."

चष्म्याचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. लेक एकटीच फ्रेमा पुसून खणात लावत होती. आईला दारात बघून तिला आश्चर्य वाटलं. "तू इथे? बाबा बरे आहेत ना?" ताई डोळे तपासायच्या खुर्चीत बसल्या, कारण दुसरी खुर्ची नव्हती. समोरच्या पाटीवरची अक्षरं वरून खाली बारीक होत गेलेली. ताईंनी पाटीकडे बघतच सगळं सांगितलं. खिसा, नळ्या, लगबग, सतरा नंबर. कुठेही आडवळण घेतलं नाही.

लेकीच्या हातातला रुमाल थांबला होता. "म्हणजे तू टेस्ट केलीच नव्हतीस."

"नाही."

"ते यंत्राचं नक्की नाही, हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग का सांगितलंस?"

ताईंना कारणं सुचली. तू सुखात राहावीस म्हणून, तुला काळजी नको म्हणून. पण ती सगळी तोंडापर्यंत येऊन शिळी वाटली. "मला तसं हवं होतं म्हणून," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं की ते खरं होईल असं वाटलं. मला भीती वाटते गं. अक्का गेली त्या दिवसापासून वाटते."

"मी स्कॅन रद्द केला, आई," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तुझ्यावर विश्वास ठेवून. उद्या काही निघालं असतं तर कुणाला विचारायचं होतं मी? यंत्राला?"

ताई रडल्या नाहीत. रडायचा हक्क आज आपला नाही, एवढं त्यांना कळत होतं. लेकीनं उरलेल्या फ्रेमा लावल्या, सगळे दिवे घालवले, आणि कुलूप लावताना पाठमोरीच म्हणाली, "मी उद्याच स्कॅनची वेळ घेते. आणि आधी तुझं रक्त. मी येणार बरोबर. पण तुझ्याशी बोलणार नाही." आणि ती खरोखरच बोलली नाही. घरापर्यंत दोघी शेजारी शेजारी चालल्या, मधे एका माणसाची जागा सोडून.

सकाळी ताई आपल्या खोलीत गेल्या आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसल्या. साध्यांत रक्त दिलं तेव्हा त्या पलीकडच्या टेबलाशी उभ्या उभ्याच उरकून आल्या होत्या. हाताखाली त्यांनीच चिकटवलेली पांढरी पट्टी होती. तिची कड सुटून दंडाला टोचत होती, आणि इतक्या वर्षांत एकाही बाईनं तक्रार केली नव्हती. लेक भिंतीशी घडीच्या खुर्चीवर, तोंड फुगवून. लगबगनं पट्टा आवळला. कालपासून तिला वाटत होतं की आपणही यात गुन्हेगार आहोत, पळाल्याबद्दल.

"दुखलं तर सांगा हं ताई."

दुखलं. लगबगचा हात जडच होता. नळी भरली, सुई निघाली, कापूस आला. आता नवा नियम लागू झाला होता: शेजारी बर्फाचा डबा, रक्त घेतलं की नळी त्यात, आणि मागे न बघता तडक प्रयोगशाळा. लगबगनं नळी उचलली आणि ती दाराकडे वळली.

"बस गं जरा," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, नळी! आता पुन्हा तेच नको!"

"ही जनुकाच्या टेस्टची आहे. जनुक काही नळीत उभं राहून बदलत नाही. जे आहे ते आहे. या नळीला घाई नाही."

लगबग दाराशी एका पायावर घोटाळली. बसायची तिला सवयच नव्हती. मग ती परत आली, नळी एप्रनच्या खिशात टाकली, आणि स्टूल ओढून ताईंच्या शेजारी टेकली. काय बोलायचं ते तिला सुचेना, म्हणून ती म्हणाली, "हं."

ताईंना वाटलं होतं, आपल्याला काही बोलायचं नाही. दंडावरचा कापूस दाबत त्या बसून राहिल्या, आणि मग त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"अक्काचं रक्त काढून तो माणूस गेला ना, तेव्हा ती अशीच बसली होती. कापूस दाबत. ही माझ्या मांडीवर होती, एवढीशी. अक्का हिच्या पायाशी खेळत होती. मला म्हणाली, आईनं आपल्यापासून लपवलं. तू हिच्यापासून काही लपवू नकोस."

भिंतीशी घडीची खुर्ची करकरली. लेक ती खुर्ची उचलून जवळ घेऊन आली होती.

"मग?" तिनं विचारलं. कालपासूनचा तिचा हा पहिलाच शब्द होता. "तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले होते," ताई म्हणाल्या.